शून्याची नोंद

अमेरिकेतल्या मोंटाना राज्याच्या वायव्य भागात फ्लॅटहेड नावाचं सरोवर आहे. सुमारे ५०० चौरस किलोमीटर पसरलेलं, सर्वांत खोल जागी ११० मीटरांहून अधिक खोल, आणि तळाचे गोटे दिसावेत इतकं नितळ. अलास्का सोडलं तर मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला गोड्या पाण्याचं इतकं विस्तीर्ण नैसर्गिक सरोवर त्या देशात दुसरं नाही. त्याच्या अभ्यासासाठी १८९९ मध्ये सुरू झालेलं मोंटाना विद्यापीठाचं जीवशास्त्र केंद्र आजही चालू आहे. या सरोवरातून वेळोवेळी पाण्याचे नमुने घेतले जातात आणि झेब्रा व क्वागा या दोन परक्या जातींच्या शिंपल्यांची पोहती पिल्लं त्यांत आहेत का, हे तपासलं जातं. अहवालात निष्कर्ष येतो तो असा: आढळले नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. बातमी व्हावी असं त्यात काही नसतं, आणि विधिमंडळात अंदाजपत्रकाच्या वेळी हात वर करून दाखवावं असंही काही नसतं. तरीही या शिंपल्यांविरुद्धच्या साऱ्या खटाटोपात सर्वांत मोलाची वस्तू कोणती असं विचारलं, तर मी या रिकाम्या अहवालांकडे बोट दाखवीन. औषधं, फवारे, पाणबुडे आणि कायदे त्यांच्यानंतर येतात. मात्र एक अट आहे. ते शून्य कष्टानं मिळवलेलं असलं पाहिजे आणि त्यामागचे कष्ट अहवालात लिहिलेले असले पाहिजेत.

आधी या प्राण्याविषयी. झेब्रा शिंपला मूळचा काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या परिसरातला. नखाएवढा, अंगावर तपकिरी-पांढरे पट्टे. एकोणिसाव्या शतकात कालव्यांतून आणि जहाजांना चिकटून तो युरोपभर पसरला. उत्तर अमेरिकेत तो पहिल्यांदा हाती लागला जून १९८८ मध्ये, कॅनडा आणि अमेरिकेच्या सीमेवरच्या सेंट क्लेअर सरोवरात. मालवाहू जहाजं तोल सांभाळण्यासाठी पोटात पाणी भरून घेतात आणि दुसऱ्या बंदरात ते ओततात. त्या पाण्यातून तो आला असावा असं मानलं जातं. क्वागा हा त्याचा भाऊबंद. तो वर्षभरानं ईरी सरोवरात दिसला, पण ही जात वेगळी आहे हे कळायला आणखी दोन वर्षं गेली. एक मादी हंगामात लाखो अंडी घालते. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू डोळ्यांना दिसत नाही, काही आठवडे पाण्यात तरंगत राहतं, मग एखाद्या कठीण पृष्ठभागाला दोऱ्यांनी चिकटतं आणि जन्मभर तिथून पाणी गाळून खातं. मोठा शिंपला दिवसाला लिटरभर पाणी गाळू शकतो. एकावर एक थर चढत जातात. मिशिगनमधल्या एका वीजकेंद्राच्या आत दर चौरस मीटरला ७ लाखांपर्यंत शिंपले मोजले गेले, आणि डिसेंबर १९८९ मध्ये त्याच राज्यातल्या मन्रो शहराचा पाणीपुरवठा नळाचं तोंड तुंबल्यामुळे बंद पडला. म्हणजे पहिला शिंपला सापडल्यापासून शहर कोरडं पडेपर्यंत अवघं दीड वर्ष. पण हा हिशेबच फसवा आहे. १९८८ मध्ये शिंपला सापडला, आला मात्र त्याच्या काही वर्षं आधी. कधी, ते नेमकं सांगता येत नाही, कारण त्याआधी तिथे या प्राण्याला कोणी मुद्दाम शोधत नव्हतं.

आता शोधणं म्हणजे काय ते पाहू. अतिशय बारीक, ६४ मायक्रॉन छिद्रांचं जाळं पाण्यातून ओढतात. अर्धा मीटर व्यासाच्या तोंडाचं जाळं १० मीटर खोलीपासून सरळ वर ओढलं, तर त्यातून साधारण २ हजार लिटर पाणी गाळून निघतं. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो. फ्लॅटहेडमध्ये मात्र सुमारे २३ घन किलोमीटर पाणी आहे. भागाकार केला तर एका ओढीत सरोवराच्या साडेअकराशे कोटी भागांपैकी एक भाग पाहून होतो. असे शंभर नमुने घेतले तरी साडेअकरा कोटींत एक. एवढ्यावरून ‘सरोवरात शिंपले नाहीत’ असं म्हणणं हा अप्रामाणिकपणा ठरेल. म्हणूनच पाहणारे आंधळेपणानं सगळीकडे जाळं टाकत नाहीत. शिंपला बहुधा बोटीवरून येणार, तेव्हा बोटी उतरवण्याचे धक्के आधी पाहायचे. वारा आणि प्रवाह तरंगत्या जिवांना ज्या कोपऱ्यांत लोटतात, ते कोपरे पाहायचे. झेब्रा शिंपला पाणी साधारण १२ अंश सेल्सिअसला पोचलं की अंडी घालू लागतो, क्वागा त्याहूनही थंड पाण्यात, म्हणून महिने निवडायचे. धक्क्यांखाली प्लास्टिकच्या पट्ट्या टांगून ठेवायच्या आणि ठराविक काळानं त्यांवरून बोट फिरवायचं, कारण नुकतीच चिकटलेली पिल्लं डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना पॉलिशपेपरसारखी खरखरीत लागतात. नमुना प्रयोगशाळेत गेला की ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पिल्लाचं इवलंसं कवच काळ्या पार्श्वभूमीवर उजळतं आणि त्यावर काळी फुली दिसते. पण तशीच चमक ऑस्ट्रॅकॉड नावाच्या, पाण्यात नेहमी सापडणाऱ्या एका निरुपद्रवी कवचधारी जीवालाही असते. दोघांतला फरक सरावलेल्या नजरेलाच कळतो. अलीकडे पाण्यात विरघळलेल्या डीएनएचा माग काढता येतो. त्यानं फार कमी संख्येचीही चाहूल लागू शकते, पण तो डीएनए जिवंत शिंपल्याचा, मेलेल्याचा, की कोणाच्या बोटीतून सांडलेल्या पाण्याचा, हे तो सांगत नाही. या प्रत्येक पद्धतीच्या शून्याची किंमत वेगळी आहे, आणि ती किंमत शोधणाऱ्याच्या मेहनतीवर ठरते.

रिकाम्या निकालाला वजन कसं आणायचं, याचं उत्तर आपल्या देशानं एकदा दिलेलं आहे. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. मधल्या काळात ‘रुग्ण नाही’ एवढं म्हणून कोणी ऐकलं नसतं. आधी सिद्ध करावं लागलं ते हे, की आम्ही खरोखर शोधत होतो. मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, मग कारण कोणतंही असो, त्याची नोंद व्हायची, तपासणी व्हायची, आणि पोलिओशी संबंध नसलेल्या अशा नोंदी लोकसंख्येच्या मानानं अपेक्षित प्रमाणात येतात की नाही, यावरून शोधमोहिमेचा दर्जा जोखला जायचा. ज्या जिल्ह्यातून अशी एकही नोंद आली नाही, तिथे पोलिओ नाही असा अर्थ कोणी काढत नव्हतं. तिथे कोणी पाहत नाही असा काढला जायचा. मुंबईचं सांडपाणी त्याच शोधासाठी तपासलं जात होतं. शिंपल्यांच्या पाहणीलाही हीच कसोटी लागू पडते. ज्या प्रयोगशाळेच्या अहवालात ऑस्ट्रॅकॉड दिसतात, इतर शिंपल्यांची पिल्लं दिसतात, तिच्या शून्यावर विश्वास ठेवायला आधार असतो. काही नमुन्यांत मुद्दाम पिल्लं मिसळायची, कोणत्या ते न सांगता सगळे नमुने प्रयोगशाळांना पाठवायचे आणि किती जणांना ती सापडतात ते पाहायचं, अशी परीक्षाही अमेरिकेत घेतली गेली आहे. तिच्यात सूक्ष्मदर्शकासमोर बसलेली माणसं जनुकीय चाचणीपेक्षा सरस ठरली. नव्या यंत्रांवर सरसकट भाळणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा असं मला वाटतं.

पण मिळवलेलं शून्य उपयोगी कधी पडतं? याचं सर्वांत ठळक उदाहरण सरोवरातलं नाही, ऑस्ट्रेलियातल्या डार्विन बंदरातलं आहे. तिथे १९९९ च्या मार्चअखेर बोटींच्या एका बंदिस्त गोदीत पाणबुड्यांना काळ्या पट्ट्यांचा एक परका शिंपला दाट थरांनी चिकटलेला आढळला. झेब्राच्याच कुळातला, मूळचा मध्य अमेरिकेकडचा. तो भारतात १९६० च्या दशकातच विशाखापट्टणमला पोचला होता आणि पुढे मुंबईच्या गोद्यांतही रुजला. भारतात तो आजही आहे. डार्विनमधून मात्र तो काही आठवड्यांत समूळ गेला. या फरकाची कारणं अनेक आहेत: गोदीला बंद करता येणारे दरवाजे होते, सरकारनं झपाट्यानं हालचाल केली, आतलं सगळं जीवन मारण्याची तयारी ठेवून क्लोरीन आणि मोरचूद ओतलं गेलं. पण मला त्यातलं जे कारण निर्णायक वाटतं, त्याचा उल्लेख सहसा पुसटसा होतो. सहा महिन्यांपूर्वी त्याच गोदीची पाहणी झाली होती आणि तेव्हा हा शिंपला आढळला नव्हता. त्या जुन्या, कंटाळवाण्या, रिकाम्या नोंदीमुळे घुसखोरी सहा महिन्यांहून जुनी नाही हे कळलं. मग मधल्या काळात तिथे थांबून बाहेर गेलेल्या बोटी कोणत्या, याचा शोध घेता आला आणि शेकडो बोटींचा मागोवा घेतला गेला. ती नोंद नसती, तर शिंपला सहा महिन्यांचा की सहा वर्षांचा हेच ठरलं नसतं, आणि किनारा केव्हाच व्यापला गेला असेल असं म्हणून हात टेकणं समजूतदारपणाचं वाटलं असतं. सेंट क्लेअर सरोवराकडे असं आधीचं शून्य नव्हतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो अनुभवी माणसांकडून, आणि तो हलका नाही. ते म्हणतात, बंद गोदीची गोष्ट वेगळी. मोठ्या सरोवरात एकदा शिंपला रुजला की तो काढता येत नाही, मग पाहणी म्हणजे मरणाची तारीख नोंदवणंच नाही का? मोठ्या पाण्यातला अनुभव त्यांच्या बाजूचा आहे. व्हर्जिनियातली मिलब्रुक नावाची पाण्यानं भरलेली दगडखाण २००६ मध्ये पोटॅशियम क्लोराइडनं शिंपलामुक्त झाली, पण ती अवघी १२ एकरांची. कॅनडातल्या विनिपेग सरोवरात २०१३ मध्ये शिंपले सापडल्यावर पुढच्या वसंतात चार छोट्या बंदरांत पोटॅशचा द्रव सोडला. बंदरांतले शिंपले मेले, सरोवरातले उरले. आयडाहो राज्यात सप्टेंबर २०२३ मध्ये स्नेक नदीत क्वागाची पिल्लं सापडली ती नेहमीच्या पाहणीतच, आणि दोन-तीन आठवड्यांत नदीच्या काही मैलांत तांब्याचं औषध सोडलं गेलं. मासेही टनावारी मेले. २०२४ च्या सप्टेंबरात पिल्लं पुन्हा दिसली आणि औषध पुन्हा सोडावं लागलं. हे उपाय क्रूर आहेत, आणि नदी वाचवायला नदीतले मासे मारणं कोणालाही सहज पटू नये. पण औषध मैलभर सोडायचं की शंभर मैल, हे शिंपला केव्हा दिसला यावरच ठरतं. क्रौर्य कमी करण्याचा लवकर पाहण्याखेरीज दुसरा मार्ग मला दिसत नाही. शिवाय शिंपला हटत नसला, तरी तो कुठे आहे हे कळणं वाया जात नाही. जानेवारी २००७ मध्ये कोलोरॅडो नदीवरच्या मीड जलाशयात क्वागा सापडल्यावर तिथून निघणारी प्रत्येक बोट संशयित ठरली. मोंटानाच्या बोटतपासणीच्या नाक्यांवर बोट कुठून आली हा प्रश्न म्हणूनच विचारला जातो, आणि संशय असेल तर ती ६० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या गरम पाण्यानं धुतली जाते. नाक्यावरचा तपासनीस ज्या यादीच्या भरवशावर उभा असतो ती यादी पाहणीतून येते. कोणतं पाणी बाधित आणि कोणतं मोकळं हे कळत नसेल, तर सगळ्या बोटी सारख्याच धुवाव्या लागतील किंवा सगळ्याच सोडाव्या लागतील. म्हणून प्रतिबंधावर खर्च करा, पाहणीवर नको, हा दुसरा सल्लाही मला मान्य होत नाही.

तिसरा आक्षेप खोट्या इशाऱ्यांचा. २०१६ च्या हेमंतात मोंटानाच्या टायबर जलाशयात शिंपल्यांची पिल्लं आढळल्याचा निकाल आला. दुसऱ्या एका जलाशयाबद्दलही संशय निर्माण झाला. ३० नोव्हेंबरला राज्यपालांनी नैसर्गिक आणीबाणी जाहीर केली. शेजारच्या ग्लेशिअर राष्ट्रीय उद्यानानं आपल्या सगळ्या तलावांत बोटींना बंदी घातली. त्यानंतर वर्षानुवर्षं त्या जलाशयांत कसून शोध झाला आणि मोठा शिंपला एकही सापडला नाही. पिल्लं खरोखर होती आणि मेली, की नमुन्यात गफलत झाली? लोकांना झालेला त्रास खरा होता, बोटी भाड्यानं देणाऱ्यांचं नुकसान खरं होतं. पण यातून निष्कर्ष पाहणी कमी करा असा निघत नाही. अनिश्चितता सांगण्याची पद्धत आधीच ठरलेली असावी, असा निघतो. पश्चिमेकडच्या राज्यांनी ती बरीचशी ठरवली आहे: एकाच नमुन्यात खात्रीलायक पुरावा मिळाला तर पाणी ‘संशयित’, पुन्हा मिळाला तर ‘बाधित’, आणि त्या यादीतून बाहेर पडायचं तर अनेक वर्षं रिकामे नमुने. बाहेर पडण्याची ही अट लक्षात घेण्यासारखी आहे. बदनाम झालेल्या जलाशयाचं नाव परत मिळवून देणारं दुसरं काहीच नाही, फक्त शून्यं, एकामागून एक, वर्षामागून वर्ष.

राहिला तो आक्षेप ज्याला मी सर्वांत गंभीरपणे घेतो. जीव नेहमीच इकडून तिकडे जात आले, शिंपल्यानं पाणी उलट स्वच्छ होतं, मग हा सगळा अट्टहास कशासाठी? पाणी नितळ होतं हे खरं आहे. मिशिगन सरोवर क्वागा आल्यानंतर इतकं पारदर्शक झालं, की ज्या सुपीरिअर सरोवराच्या नितळपणाचे दाखले दिले जायचे त्यालाही त्यानं मागे टाकलं. पण ही पारदर्शकता घाण गेल्यामुळे आलेली नाही, अन्न गेल्यामुळे आलेली आहे. तरंगतं शेवाळ शिंपल्यांनी गाळून घेतलं. त्याच सुमारास तळाशी राहणारा डायपोरिआ नावाचा झिंग्यासारखा इवला जीव सरोवराच्या मोठ्या भागातून नाहीसा झाला, आणि त्याच्यावर पोसणारे पांढरे मासे रोडावले. किनाऱ्याजवळ उलटं घडलं: ऊन तळापर्यंत पोचू लागल्यानं क्लॅडोफोरा शेवाळाचे ढीग माजले. डायपोरिआ नेमका कशानं गेला याचा पूर्ण उलगडा अजून झालेला नाही. जीव पूर्वीही प्रवास करत, पण जहाजाच्या पोटातून समुद्र ओलांडून आणि ट्रेलरवरच्या बोटीतून पर्वत ओलांडून, काही दिवसांत, असे नव्हे. त्या वेगाशी जुळवून घ्यायला सरोवराला वेळ मिळत नाही.

फ्लॅटहेडला हे ऐकून माहीत नाही, भोगून माहीत आहे. १९६८ नंतरच्या काही वर्षांत त्याच्या वरच्या अंगाच्या तलावांत मायसिस नावाचे झिंगे सोडण्यात आले. हेतू चांगला होता: कोकनी जातीच्या सामन माशांना खाणं मिळावं. १९८१ मध्ये ते झिंगे वाहत फ्लॅटहेडमध्ये आलेले दिसले. झिंगे दिवसा खोल तळाशी जात आणि रात्री वर येत, मासे दिवसा वर चरत. त्यामुळे मासे झिंग्यांना खाईनात, उलट माशांचं खाणं झिंगेच फस्त करू लागले. दशक संपता संपता कोकनी जवळजवळ नाहीशी झाली. त्यांच्या विणीच्या ओढ्यावर शरद ऋतूत गरुड जमत. १९८१ मध्ये एका वेळी ६३९ गरुड मोजले गेले होते, १९८९ मध्ये २५. कोकनीसुद्धा माणसानंच आणलेली होती, हे विसरून चालणार नाही; फ्लॅटहेड काही अस्पर्श देवराई नव्हतं. पण झिंग्यापासून गरुडापर्यंतची ही साखळी आज जोडून दाखवता येते ती कोणीतरी आधीपासून गरुड मोजत होतं, मासे मोजत होतं, पाण्यातले सूक्ष्म जीव मोजत होतं म्हणून. त्यांतलं कोणीही १९८१ साली संकटाची वाट पाहत बसलेलं नव्हतं.

आज या सरोवराचा दक्षिण भाग सेलिश आणि कूटनाय जमातींच्या राखीव प्रदेशात येतो. सरोवराच्या खालचं धरण २०१५ पासून त्या जमातींच्या मालकीचं आहे, आणि रस्त्यावरचा बोटतपासणीचा एक महत्त्वाचा नाकाही त्याच चालवतात. इथलं पाणी पुढे कोलंबिया नदीला मिळतं, जिच्यावर धरणांची रांग आहे. शिंपला इथे रुजला तर बिल पार समुद्रापर्यंतच्या सगळ्यांना भरावं लागेल, आणि पाहणीचा भार मात्र वरच्या अंगाचे थोडे लोक उचलतात. ही वाटणी अन्यायाची आहे. धरणांच्या विजेवर कमावणाऱ्यांनी वरच्या सरोवरांच्या जाळ्यांचा आणि सूक्ष्मदर्शकांचा खर्च कायमचा उचलावा, दर वर्षी नव्यानं याचना करायला लावू नये. पगारी पाहणाऱ्यांइतकीच साध्या माणसांची नजरही जपायला हवी. २०२१ मध्ये मत्स्यपेटीत ठेवायच्या शेवाळाच्या गोळ्यांत जिवंत झेब्रा शिंपले विकले जात आहेत हे प्रथम सिअ‍ॅटलमधल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानातल्या एका कर्मचाऱ्यानं पाहिलं आणि कळवलं. त्यानंतर ते गोळे देशभरातल्या दुकानांतून काढून टाकावे लागले. बोटींच्या नाक्यांवर हा माल कधी दिसलाच नसता.

मग अहवालात काय असावं? ‘आढळले नाहीत’ या शब्दांखाली महिना, जागा, खोली, किती लिटर पाणी गाळलं, कोणत्या पद्धतीनं पाहिलं, नमुना किती दिवसांनी तपासला, आणि तपासणारी प्रयोगशाळा शेवटच्या परीक्षेत किती गुणांनी उतरली, एवढं तरी असावं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे न पाहिलेल्याची नोंद. अनुदान उशिरा आलं म्हणून जूनमध्ये जाळं पडलंच नसेल, वणव्याच्या धुरामुळे ऑगस्टमध्ये बोट निघाली नसेल, तर त्या रकान्यात शून्य लिहू नये. तो रकाना कोरा सोडावा आणि शेजारी कारण लिहावं, म्हणजे उद्या तिथे शिंपला सापडलाच, तर मागे कुठपर्यंत शोधत जायचं हे त्या पानावरून ठरवता येईल.